माइकवरून माझं नाव

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज कोचबाई आली. बाई कसली, पोरगीच आहे. नाव कोनाडू. कुमासी शहरातल्या एका संस्थेनं आम्हा बेक्वाई गावातल्या काही धंदेवाल्या बायकांना एकेक कोच दिली आहे, वर्षभरासाठी, फुकट. दर मंगळवारी येणार, बसणार, धंद्यात काय चुकतंय ते सांगणार. मी मयतीच्या कार्यक्रमांना मांडव आणि खुर्च्या भाड्यानं देते, ही पोरगी रांगत होती तेव्हापासून. ही मला काय शिकवणार? पण नाव मीच दिलं होतं. दर शनिवारी माझ्या खुर्च्या बाहेर असतात आणि सोमवारी ट्रकमध्ये डिझेल टाकायला हात आखडतो, हे काही बरं लक्षण नाही.

मी थंडगार माल्टची बाटली पुढे केली. ती म्हणाली, "नको आंटी. कोणाकडून काही घ्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. अननसाची फोडसुद्धा नाही." स्वतःच्या पिशवीतलं पाणी काढून प्यायली. बुटांवर धुळीचा कण नाही. बेक्वाईत कसं काय जमतं कोण जाणे.

मग तिनं विचारलं, "आंटी, तुमच्या खुर्च्या कधी फुकट जातात का?"

मी म्हटलं, "फुकट? छे गं! धंदा म्हणजे धंदा."

का बोलले मी असं? गेल्याच शनिवारी मटणवाल्याच्या घरी दोनशे खुर्च्या आणि चार मांडव फुकट गेलेत. पण ती इतकी मन लावून बघत होती, की तोंडातून तेच बाहेर पडलं. जाऊ दे. पहिल्याच दिवशी घरातली केरसुणी दाखवायची का पाहुण्याला?

जाताना म्हणाली, "रोज मनातलं लिहीत जा. मला दाखवू नका, फक्त लिहा." म्हणून हे लिहिते आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पास्टरच्या मेव्हणीची मयत. काय सुंदर कार्यक्रम झाला! अख्खं मैदान काळ्या-तांबड्या कपड्यांनी भरलं होतं. देणग्या पुकारायची वेळ झाली आणि माइकवाला गरजला, "मॅडम अफ्राकोमा! दीडशे खुर्च्या आणि तीन मांडव! सगळं दान! मॅडम, उभ्या राहा, लोकांना दिसू दे!" मी उभी राहिले, पांढरा रुमाल हलवला, बँडवाल्यांनी माझ्यासाठी एक तुकडा वाजवला आणि मी त्यावर दोन पावलं नाचलेही. अंगावर मूठभर मांस चढलं.

खुर्च्या परत भरताना बादू म्हणाला, "मालकीणबाई, डिझेलवाल्याला पण जरा माइकवरून नाव पुकारायला सांगा. तोही खूश होऊन टाकी भरून देईल." हा बादू माझ्याकडे ट्रक चालवतो आणि जिभेला लगाम घालत नाही. मी म्हटलं, "तू गप बस. पास्टरची मेव्हणी होती." तो म्हणाला, "हो, आणि मागच्या वेळी मटणवाल्याचा बाप होता, आणि त्याच्या मागं कोणाची तरी आत्या. बेक्वाईत परकं कोणी मरतच नाही."

३ मार्च, मंगळवार

कोनाडूनं सांगितलं म्हणून दरफलक रंगवून घेतला. लाल अक्षरात: फुकट नाही, उधार नाही. तिनं मला त्याच्या शेजारी उभी करून फोटो काढला. "आंटी, हनुवटी वर करा." मी वर केली.

ती गल्लीच्या टोकाला वळली आणि मी फलक उतरवून मांडवाच्या कापडामागे ठेवला. दुपारी माझी मामेबहीण येणार होती, तिच्या नवऱ्याच्या मयतीच्या कार्यक्रमासाठी. तिनं तो फलक वाचला असता तर मी तोंड कुठं लपवलं असतं? आता असंच चालणार. कोनाडू आली की फलक बाहेर, गेली की आत.

पुढच्या वेळी तिला माझ्या तीन गिऱ्हाइकांशी बोलायचं आहे. आता आली का पंचाईत! तिघांना गाठून सांगून ठेवलं, विचारलं तर म्हणायचं, पूर्ण भाडं दिलं. मटणवाला खो खो हसला. "दिलं म्हणतो की! तुझ्यासाठी काय वाट्टेल ते म्हणेन."

२४ मार्च, मंगळवार

आज कोनाडू हिशेब मांडून सांगत होती, की सगळ्या शनिवारांचं भाडं येतंय तर एव्हाना मी नवे मांडव घ्यायला हवेत, मग लग्नांची कामंही मिळतील. किती छान समजावते! हातवारे करत, मधेच स्वतःशीच खूश होत. मी मान डोलावत होते. मागच्या बाजूला बादू मोडक्या खुर्च्यांचे पाय तारेनं बांधत होता. तो आवाज तिला ऐकू येऊ नये म्हणून मी रेडिओ मोठा केला.

ती गेल्यावर डोक्यात आलं, ही पोरगी शिकवते ते मला नाहीच. ती शिकवते त्या दुसऱ्याच अफ्राकोमाला, जी भाडं घेते, जिच्या खुर्च्या चार पायांवर उभ्या राहतात. त्या बाईचं भलं होतंय. माझं काय?

पुढच्या मंगळवारी सांगून टाकते.

३१ मार्च, मंगळवार

नाही सांगितलं. ती आल्या आल्या म्हणाली, "आंटी, ऑफिसात सगळे तुमचंच नाव घेतात." मी फलक पुसायला घेतला.

२८ एप्रिल, मंगळवार

कुमासीला जाऊन आले. संस्थेचा मेळावा होता. भिंतीवर माझा तो फोटो, हनुवटी वर केलेला, दाराएवढा मोठा. तिथले मुख्य म्हणजे फ्रेंपाँगसाहेब, उंच, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारे. सगळ्यांसमोर म्हणाले, "कोनाडूनं जे केलं ते बघा. अशा कोचला आम्ही या वर्षी नोकरीत कायम करणार." कोनाडू खाली मान घालून हसत होती. मला तेव्हा कळलं, की तिची नोकरी अजून तात्पुरतीच आहे.

मग मला बोलायला लावलं. एका पाववाल्या बाईनं उठून विचारलं, "मॅडम, दिराच्या घरात मयत झाली, त्यांनी पाव फुकट मागितले. नाही कसं म्हणायचं हो?"

मी म्हटलं, "तोंडानं म्हणायचं!"

काय हशा पिकला! टाळ्या! फ्रेंपाँगसाहेबांनी लिहून घेतलं. पाववालीनंही लिहून घेतलं. परतीच्या गाडीत एरवी मला झोप लागते, आज लागली नाही. जोलोफ भात जरा तिखट होता, त्यानंच असेल.

१२ मे, मंगळवार

बाजारात पाववाली भेटली. दिराला नाही म्हणाली ती. आता सासरचं कोणी तिच्याशी बोलत नाही, मुलांना कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. "पण मॅडम, तुम्ही सोसलंत ना हे सगळं? मग मीही सोसेन." माझा हात धरून म्हणाली.

मी पाव न घेताच घरी आले. मला बरं नाही असं कोनाडूला कळवलं, येऊ नको म्हटलं. लाज वाटते मला. लिहितानाही वाटते.

१९ मे, मंगळवार

कोनाडूची आजी गेली. म्हणून ती आली नाही. तिच्याऐवजी कोण यावं? तिचे मामा! कुळातले कर्ते. खांद्यावरून काळं कापड, हातात काठी, बरोबर दोन भाचे. बसले, पाणी प्यायले, सगळ्या घराची विचारपूस केली आणि मग मुद्द्यावर आले.

"अफ्राकोमाबाई, आमच्या पोरीनं तुम्हाला वर काढलं म्हणतात."

"देवाची कृपा आणि तिची मेहनत."

"मग तिच्या आजीच्या मयतीला तीनशे खुर्च्या म्हणजे तुम्हाला काय मोठंसं! माइकवरून नाव घेऊ आम्ही. सगळ्यात आधी."

तीनशे. माझ्याकडे आहेतच तेवढ्या, तारेनं बांधलेल्या धरून. मी हो म्हटलं. प्रेत शवागारात आहे, मयत वीस जूनच्या शनिवारी.

ते गेल्यावर मात्र अंगाचा तिळपापड झाला. बघा ही कोचबाई! मला फलक लावायला सांगते आणि स्वतःच्या घरात मयत झाली की मामाला पाठवते फुकट मागायला. अननसाची फोडसुद्धा घेत नाही म्हणे!

खरं लिहू? रागाच्या खाली बरंही वाटलं. तीही आपल्यातलीच निघाली.

२९ मे, शुक्रवार

कोनाडूचा फोन. आवाज बसला होता. "आंटी, मामांनी भाडं पोचवलं ना? पूर्ण? मला नियम मोडायचा नाही, म्हणून मी आधीच त्यांच्याकडे देऊन ठेवलं होतं."

ऐका! मला काय कळत नाही? मामाला पाठवायचं आणि वर हे नाटक, म्हणजे दोन्ही हात स्वच्छ. पण माझी तरी काय सोय होती? "नाही दिलं" म्हणावं तर ती विचारणार, मग खुर्च्या फुकट का देताय? मग सगळंच उसवणार.

"दिलं, दिलं," मी म्हटलं. "तू काळजी करू नको. आजीचं बघ."

ती रडायला लागली. म्हणाली, "तुमचा फार आधार वाटतो."

२१ जून, रविवार

काल कोनाडूच्या आजीची मयत झाली. आज चर्चला गेले नाही. लिहायलाही हात होत नाही, पण लिहिते.

माइकवाला ओळखीचाच होता. मीच सकाळी त्याला गाठून काय म्हणायचं ते पढवून ठेवलं होतं. देव मला क्षमा करो. तो उठला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, "मॅडम अफ्राकोमा! तीनशे खुर्च्या! एक सेडी भाडं न घेता! आपल्या कोच कोनाडू यांनी केलेल्या उपकारांची आठवण म्हणून!"

मी उभी राहिले. रुमाल हलवला. बँड सुरू झाला आणि मी नाचत नाचत कुटुंबाच्या मांडवापर्यंत गेले, कोनाडूला मिठी मारायला.

तिचा चेहरा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती पलीकडे बघत होती, पहिल्या रांगेत. तिथं फ्रेंपाँगसाहेब आणि ऑफिसातली सगळी माणसं काळे कपडे घालून बसली होती. माझ्याच खुर्च्यांवर. साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आंटी," ती हळू म्हणाली, "भाडं मिळालं म्हणाला होतात तुम्ही."

मी मामांकडे बघितलं. मामा भलतीकडे बघून काठीनं जमीन टोकरत होते. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्यानं भाडं खाल्लं. आपल्याच बहिणीच्या लेकीच्या हातून घेतलं आणि माझ्याकडून फुकट उचललं. आणि मी त्याच्यावर "दिलं, दिलं" म्हणून शिक्का मारला.

माझा हात रुमालासकट अजून वर होता. जमीन दुभंगली असती तर उडी मारली असती मी.

२४ जून, बुधवार

कोनाडूला कामावरून थांबवलं. चौकशी होणार. कोचनं शिष्येकडून तीनशे खुर्च्या घेतल्या म्हणजे लाच. बादूनं बाजारातून बातमी आणली. आज त्यानं टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

फोन केला. तिनं उचलला, हे तिचं मोठेपण. मी म्हटलं, "पोरी, तू सांग ना त्यांना, भाडं मामांकडे दिलं होतंस म्हणून!"

"सांगून काय करू? मामा नाही म्हणतील. आणि कुळातल्या कर्त्याला मी चारचौघांत चोर म्हणू? आई मला घरात ठेवेल का?"

"मग मी काय करू?"

"मला माहीत नाही, आंटी. मी तुमच्या धंद्यासाठी होते. माझ्यासाठी काय करायचं ते तुम्हाला शिकवलं नाही मी."

२५ जून, गुरुवार

आज कुमासीला गेले. फ्रेंपाँगसाहेबांसमोर बसले आणि बोलून टाकलं. "साहेब, ती लाच नव्हती. मी सगळ्यांनाच फुकट देते. मटणवाल्याला, पास्टरला, मामेबहिणीला. कोनाडूला काही विशेष नाही दिलं."

 वाटलं, सुटले.

ते म्हणाले, "मॅडम, एप्रिलमध्ये तुम्हीच या खोलीत उभं राहून सांगितलंत, तोंडानं नाही म्हणायचं. ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. आता तिला वाचवायला हे बोलताय. तुमचं मन मोठं आहे."

"मन मोठं नाही हो! मी खोटं बोलले होते!"

"बरं. तुमच्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर आहेत आमच्याकडे." आणि त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, आवाज मोठा ठेवून. मटणवाला पहिल्याच घंटीला आला. "मॅडम अफ्राकोमा? पूर्ण भाडं दिलं हो! एकदम कडक बाई! एक सेडी सोडत नाही!" मी ओरडले, "अरे, खरं सांग!" तर तो अजून जोरात, "हे बघा, शेजारी बसून ओरडतेय, इतकी कडक!" पास्टरनं देवाची शपथ घेऊन सांगितलं. मामेबहीण म्हणाली, मागच्या जन्माचंही वसूल केलं. तिघांनी माझी लाज राखली. मीच शिकवलं होतं त्यांना.

साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो तसाच ठेवून मी निघाले.

२७ जून, शनिवार

काल संध्याकाळी बादूलाच विचारलं, काय करू. तो म्हणाला, "माणसं खोटं बोलतात. व्हिडिओ कुठं बोलतो?"

खरंच की! मयतीचा व्हिडिओ काढल्याशिवाय इथं कोणी पुरतं कोणाला? आणि देणग्या पुकारतात तो भाग कोणी कापत नाही, उलट तोच परत परत बघतात. आज मी आणि बादू दिवसभर दारोदार फिरलो. मटणवाल्याकडून, पास्टरकडून, मामेबहिणीकडून आणि अजून कोणाकोणाकडून पेन ड्राइव्ह गोळा केले. मटणवाला म्हणाला, "अगं, मी तर तुझ्यासाठीच खोटं बोललो." मी म्हटलं, "माहीत आहे रे, तुझ्यावर राग नाही." एका घरी म्हातारीनं विचारलं, कशाला हवाय? मी म्हटलं, मला बघायचाय. ती म्हणाली, "हौसच आहे बाई तुला स्वतःला बघायची."

१ जुलै, बुधवार

चौकशी झाली. लांब टेबल, फ्रेंपाँगसाहेब, अजून दोघे, एका बाजूला कोनाडू, एका बाजूला मी. भिंतीवरचा माझा फोटो काढून ठेवला होता, त्याच जागेवर पडदा.

एकामागून एक व्हिडिओ लावले. मॅडम अफ्राकोमा, दोनशे खुर्च्या! मॅडम अफ्राकोमा, दीडशे खुर्च्या! माइकवाले वेगळे, मैदानं वेगळी, मी तीच. उठते आहे, रुमाल हलवते आहे, कंबर हलवते आहे. चेहरा तर बघवत नव्हता. एवढी खूश? दुसऱ्याच्या मयतीत? दोघांपैकी एकीनं तोंडावर हात धरला. हसू दाबत असावी. मला रडू येत होतं.

पण त्याहून वाईट वेगळंच होतं, आणि ते त्यांच्यापैकी कोणाला दिसलं की नाही कोण जाणे. माझं नाव पुकारतात तेव्हा कॅमेरा लोकांवरून फिरतो. कोणी मान वळवत नाही. जेवताहेत, पोराचं नाक पुसताहेत, फोन बघताहेत. पास्टरच्या मेव्हणीच्या कार्यक्रमात तर एक बाई माझ्या खुर्चीवर बसून माझ्याकडे पाठ करून शेजारणीशी भांडते आहे. सगळ्या व्हिडिओंत शोधलं मी. अख्ख्या मैदानात माझ्याकडे बघणारी एकच व्यक्ती, मीच.

तिसऱ्या व्हिडिओनंतर साहेब म्हणाले, "पुरे." मी म्हटलं, "नाही, सगळे बघा. सगळे बघितल्याशिवाय तुमचा विश्वास बसायचा नाही." आणि सगळे बघायला लावले. कोनाडू एकदाही माझ्याकडे वळली नाही. तिच्या हातातलं पेन तेवढं सारखं उघडमीट होत होतं.

शेवटी साहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "म्हणजे मॅडम, एवढे महिने तुम्ही आम्हाला जे जे सांगितलंत..."

"सगळं खोटं. कोनाडूला ठाऊक नव्हतं. ती मला खरंच शिकवत होती."

६ जुलै, सोमवार

निकाल कळला. लाचेचा ठपका पुसला. कोनाडूची नोकरी राहिली, पण कायम केलं नाही. लांब, सुन्यानीला बदली. शिष्या खोटं सांगते हे इतके दिवस कळू नये, म्हणजे कोचचंही चुकलंच, असं म्हणाले. माझं नाव संस्थेतून काढून टाकलं. बरोबरच आहे ते. भांडायला तोंड आहे कुठं मला?

पाववालीकडे जाऊन खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता माझ्या दुकानात येऊ नका." आले परत.

७ जुलै, मंगळवार

कोनाडू आली होती. मी दारातच गोंधळले. म्हटलं, "मी आता तुझी शिष्या नाही."

"माहीत आहे. उद्या सुन्यानीला निघतेय. बसू का?"

मी खुर्ची पुसून दिली.  मग मी माफी मागायला लागले, तर तिनं मधेच थांबवलं.

"आंटी, माझंही ऐका. मागच्या अंगणात कोणीतरी तार पिळत असायचं, मला ऐकू यायचं. तुम्ही रेडिओ मोठा करायचात. मी उठून बघायला नको होतं का? पण मला तुमची उत्तरं आवडत होती. ती मी ऑफिसात नेऊन दाखवायचे. मलाही लाज वाटते."

मला वाटलं होतं, ती मला झापेल. झापलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "एकच सांगा. आता मी कोच नाही, तुम्ही शिष्या नाही. का देता फुकट?"

नेहमीची उत्तरं जिभेवर आली. आपलीच माणसं, चांगुलपणा, देवाची कृपा. व्हिडिओतली ती बाई डोळ्यांपुढे आली आणि ती उत्तरं गिळली मी.

"मला मूल नाही," मी म्हटलं. "नवरा दुसरीकडे राहतो, त्याची पोरं तिकडची. मी गेले की माइकवर कोण काय पुकारणार? कोण काळे कपडे घालून येणार? सगळ्यांच्या मयतीत माझ्या खुर्च्या असल्या, तर माझ्या मयतीत कोणीतरी येऊन बसेल असं वाटतं. मला रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटते गं."

हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. या पानांतही लिहिलं नव्हतं. लिहायचं सुचलंच नव्हतं.

कोनाडूनं डोळे पुसले. मग जरा रागानंच म्हणाली, "हे मला फेब्रुवारीत हवं होतं, आंटी. याच्यावर काम केलं असतं आपण. मांडव आणि फलक काय, ते तर कोणीही सांगितलं असतं."

"आता?"

"आता मी सुन्यानीला चाललेय."

ती उठली. मी फाटकापर्यंत गेले. तिचे बूट आज धुळीनं माखले होते, चालत आली असावी. रस्त्यावर जाऊन ती परत वळली.

"मी येईन," म्हणाली. "तुमच्या मयतीला. कुठंही असले तरी."

मी कसंबसं हसले. "खुर्च्या तेव्हा फुकट नसतील हं."

"मग भाडं देऊन बसेन."

ती गेली. मी फाटकापाशीच खाली बसले आणि रडले, मोठ्यानं, शेजारीपाजारी बघत असूनही.